आठल्येबाईंचा शेरा

"काय हो पोर्टल, आज उघडं की बंद?"

लॅबच्या दारात चपला काढताना हा प्रश्न आला की समजायचं, आठल्येबाई आल्या. मला आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे. पण कॉलेजात माझं काम म्हणजे प्रत्येक विषयाचं पान संगणकावर तयार करायचं, त्यात त्या वर्गाची मुलं घालायची, नोट्स चढवायच्या, गृहपाठाची मुदत संपली की तो घ्यायची खिडकी बंद करायची. या सगळ्या प्रकाराला आमचे प्राचार्य पोर्टल म्हणत. बाईंनी ते नाव मलाच देऊन टाकलं. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाल्या, "नाव लक्षात ठेवायला आधी चेहरा दिसावा लागतो. तुम्ही सदा त्या पडद्यामागे."

बाई अर्थशास्त्र शिकवायच्या. बुधवार पेठेत एका इलेक्ट्रिकच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि कॉलेजला चालत यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि पर्समध्ये खोडरबर. खोडरबर कशाला, तर मुलांनी बाकांवर लिहिलेलं त्या स्वतः पुसायच्या, आणि पुसता पुसता मोठ्यानं वाचायच्या. लिहिणारा वर्गात बसलेला असायचाच. देशाचं आर्थिक धोरण बदललं त्याच सुमारास त्या नोकरीला लागल्या होत्या. "मी नोकरीला लागले आणि देशाची दारं उघडली. दोन्हींचा संबंध नाही, पण कोणी नाहीही म्हणत नाही," असं त्या दर वर्षी पहिल्या तासाला सांगायच्या. उदारीकरण म्हणजे काय, तर "दुकानदारानं गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघणं. आमच्या पेठेत ते अजून यायचंय."

पोर्टल सुरू झालं तेव्हा प्राध्यापकांनी जे तारे तोडले ते माझं मला माहीत. एका सरांनी अभ्यासक्रमाच्या जागी घराचं विजेचं बिल चढवलं, आणि साठ मुलांनी ते उतरवून घेतलं. दुसऱ्या एकांनी परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका उघडी ठेवली आणि वर मलाच विचारलं, "तुम्ही झाकली का नाहीत?" बाईंचं तसं नव्हतं. शिकायला आल्या त्याच मुळी वही घेऊन. पहिला प्रश्न, "हे चुकलं तर ओरडतं कोण? मशीन की तुम्ही?"

"मी," मी म्हटलं.

"मग चालेल. मशीनचं ऐकून घ्यायची सवय नाही मला."

एका बोटानं टाइप करायच्या. मराठी अक्षर मनासारखं उमटलं नाही की कीबोर्डकडे अशा बघायच्या की मलाच ओशाळं व्हायचं. पण महिन्याभरात स्वतःच्या सगळ्या नोट्स त्यांनी मराठीत लिहून काढल्या. रूक्ष नोट्स नव्हेत. मक्तेदारी समजवायला पेठेतलं भांड्यांचं दुकान, मागणी-पुरवठा समजवायला श्रावणातली केळी. मुलं पाठ्यपुस्तक सोडून त्याच वाचायची.

आता बाईंच्या जिभेबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं. बाई तोंडावर कोणाची स्तुती करत नसत. करायची वेळ आलीच तर उलटी करत. सबंध वर्षात दोन-तीनदाच असं व्हायचं की एखादं पोर असं काही उत्तर द्यायचं की बाईंचा खडू थांबायचा. मग डावी भुवई वर, ओठाच्या कोपऱ्यात न दिसणारं हसू, आणि प्रश्न: "उत्तर चांगलं आहे. कुठून आणलंत?" की वर्गात टाळ्या! ते पदक होतं. ज्याला मिळालं त्यानं कॅन्टीनला सगळ्यांना वडापाव द्यायचा, असा रिवाजच पडला होता. जुने विद्यार्थी मोठमोठ्या कंपन्यांत साहेब झाले, तरी भेटायला आले की सांगायचे, "बाई, मला एकदा तुम्ही 'कुठून आणलंत' म्हणाला होतात."

मग प्राचार्यांनी फर्मान काढलं. नोकरी करणाऱ्या मुलांना हजेरीत सूट, त्यांनी पोर्टलवर शिकायचं. गृहपाठ पोर्टलवर, मार्क पोर्टलवर, आणि प्रत्येक गृहपाठाखाली प्राध्यापकांचा शेरा. बाई म्हणाल्या, "म्हणजे मुलं नाहीत, नुसती उत्तरं. बरं आहे, डबे खाणार नाहीत वर्गात."

त्या वर्षी अशा मुलांत एक होती प्रणिता भोयर. वर्ध्याकडची. येरवड्यात एका खोलीत भाड्यानं राहायची आणि जवळच्याच एका कंपनीत फोनवर परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायची. कॉलेजात ती एकदाच आली होती, प्रवेशाच्या दिवशी. बाईंचा तास तिनं एकही ऐकला नव्हता. बाईंची भुवई तिनं पाहिलेली नव्हती.

पहिला गृहपाठ होता, उदारीकरणाचा आपल्या कुटुंबावर झालेला परिणाम. बाकीच्यांनी घरी आलेले फ्रीज-टीव्ही मोजून दाखवले होते. बाई माझ्या शेजारच्या संगणकावर बसून वाचत होत्या आणि अधूनमधून "अरे देवा" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "पोर्टल, ऐका." आणि वाचून दाखवलं:

"माझे बाबा शिंपी आहेत. तयार कपडे स्वस्त झाले तसे बाबांकडे फक्त उसवलेलं शिवायला लोक येऊ लागले. त्याच बदलानं मला पुण्यात नोकरी दिली. कामावर माझं नाव पामेला आहे. आमच्या घरात दर महिन्याला पगार आणणारी मी पहिली, पण तो पगार पामेलाला मिळतो."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "एवढी वर्षं हा धडा शिकवतेय," म्हणाल्या, "पण हे वाक्य मला नाही सुचलं." आणि एका बोटानं, कौतुकानं, आयुष्यातलं सगळ्यात मोठं पदक त्यांनी त्या पोरीला दिलं. मी शेजारी होते, मी पाहिलं. उत्तर चांगलं आहे. कुठून आणलंत? बटण दाबलं. शेरा येरवड्याला गेला, भुवई लॅबमध्येच राहिली.

दुसरा गृहपाठ आला तो बघून आम्ही चाटच पडलो. विषय परकीय गुंतवणूक. पण दर परिच्छेदाखाली वेगळ्या रंगात खुलासा. "हा परिच्छेद पुस्तक वाचून, मग पुस्तक बंद करून लिहिला." "हा विचार माझा आहे, कामाला जाताना सुचला." "हा शब्द मला माहीत नव्हता, शब्दकोशात पाहिला."

बाई खूश! "बघा बघा, उत्तर देतेय मला! कुठून आणलंत विचारलं ना, घ्या म्हणाली, एकेक वाक्याचा पत्ता घ्या. काय आगाऊ पोर आहे! पेठेत जन्माला यायची चुकून वर्ध्याला गेली." स्टाफरूममध्ये जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं. हसलो आम्ही सगळे. कोणालाही, अगदी कोणालाही, दुसरं काही असू शकेल असं वाटलं नाही. आपण बोलतो ते टोमणे सगळ्या जगाला गुदगुल्या करतात, हा आम्हा पुणेकरांचा समज काही केल्या जात नाही. बाईंनी तर रंगात येऊन दुसरा शेरा लिहिला आणि आम्हाला वाचूनही दाखवला, "खुलासा वाचला. पुढच्या वेळी साक्षीदार जोडा."

आणि तिनं जोडले हो.

तिसऱ्या गृहपाठाबरोबर एका कागदाचा फोटो होता. फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात: आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की प्रणिता भोयर हिने हे उत्तर आमच्यासमोर बसून स्वतः लिहिले आहे, कोणाचेही पाहिलेले नाही. खाली खोलीतल्या मैत्रिणीची सही. घरमालकिणीची सही, एकेक अक्षर सुटं सुटं. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची सही, दुकानाच्या शिक्क्यासकट. त्याच्याखाली तिची ओळ: "मॅडम, आणखी कोणाची सही लागत असेल तर कृपया कळवावे."

मी आधी फस्सकन हसणार होते. तेवढ्यात बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पोर्टल," त्या म्हणाल्या, "ही मुलगी गंमत करत नाहीये."

"अहो बाई, कशावरून..."

"किराणावाला गमतीत शिक्का मारतो का?"

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ते शेरे पुसता येतात?"

मी सांगितलं, इथून पुसता येतात, पण शेरा लिहिला की त्याच क्षणी मुलाला मेल जाते. ती तिच्याकडेच राहणार.

"म्हणजे मी विसरायचं आणि तिनं वाचत बसायचं. वा." आवाजात टोमणा होता, पण तो पहिल्यांदाच त्यांना स्वतःलाच लागला होता. मी सुचवलं, नवीन शेरा टाका ना, गंमत केली होती म्हणून. त्यावर मान हलवून म्हणाल्या, "गंमत होती हे लिहून कळवावं लागलं, तर ती गंमत नव्हती. चोर म्हटलं मी तिला. एकदा नाही, दोनदा. आणि दुसऱ्यांदा तर तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवून."

फोन करायला त्या तयार होईनात. पोर्टलवर दिलेला पत्ता मी काढला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून बाई येरवड्याला निघाल्या. वाटेत एक शब्द नाही. एरवी सिग्नलला उभं राहिलं तरी पुढच्या गाडीवर भाष्य करणारी बाई!

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान दिसलं, तेच, शिक्क्यावरच्या नावाचं. बाईंनी मान खाली घातली आणि भराभर पुढे गेल्या. खोलीचं दार बंद होतं. आमचा आवाज ऐकून शेजारच्या दारातून घरमालकीण बाहेर आली, हात पिठाचे.

"कालेजातून आलाय व्हय?" तिनं बाईंकडे बघून ओळखलंच. "बरं झालं आलात. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय बाई. हितं पायरीवर बसून लिवत व्हती पोर. कुनाचं बघितलं न्हाई, काय न्हाई. सही माजीच हाय ती."

"अहो, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"न्हाई, तुमी म्हनाल भाडेकरूची बाजू घेती म्हनून. तर माज्या लेकराच्या गळ्याची आन. चोरीची न्हाई ती पोर."

"शपथ घेऊ नका हो! माझ्यासमोर शपथ घेऊ नका." बाईंचा आवाज फाटला. पण घरमालकिणीला वाटलं, यांचा अजून विश्वास बसत नाही. ती आणखी जोरात सांगू लागली. दुकानदाराला बोलावू का म्हणाली. आजूबाजूच्या दारांतून दोन-चार बायका बाहेर आल्या आणि त्याही सांगू लागल्या, पोरगी चांगली आहे, कामावर जाते, मान वर करून बघत नाही. आख्खी गल्ली आमच्यासमोर साक्ष द्यायला उभी राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि आठल्येबाई, ज्यांच्यासमोर विद्यापीठाचे मोठमोठे अधिकारी चाचरायचे, त्या भिंतीला टेकून नुसतं "नाही हो, नाही हो" म्हणत होत्या.

तेवढ्यात प्रणिता आली. बारीक चणीची, गळ्यात कंपनीचं कार्ड. बाईंना बघून तिनं आधी ते कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. नमस्कार केला, कुलूप उघडलं, आत गेली आणि बाहेर आली ती कच्च्या कागदांचा गठ्ठा घेऊनच. खाडाखोड केलेले, चहाचे डाग पडलेले कागद.

"हे बघा मॅडम, सगळं ठेवलं आहे मी. पहिल्या उत्तराचं पण आहे."

बाईंनी कागदांना हात लावला नाही. "बाळ," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. "मी तपासायला नाही आले. माफी मागायला आलेय. तुझं पहिलं उत्तर वाचलं तेव्हाच मला कळलं होतं ते तुझं आहे. तसं दुसरं कोणी लिहूच शकलं नसतं."

प्रणिता बघतच राहिली. "माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग तसं का नाही लिहिलं मॅडम?"

बाईंकडे आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, तेही समोरचा प्रश्न संपवायच्या आत. इथे एवढंच म्हणाल्या, "सवय. वाईट सवय."

"मी घरी सांगितलं होतं," प्रणिता म्हणाली. रागावली नव्हती ती, ते जास्त कठीण होतं. "कॉलेजात माझ्यावर आळ आला म्हणून. बाबा म्हणाले, शिक्षण नको, नोकरी नको, तू परत ये. ते घ्यायला येऊन राहिले मॅडम, रविवारी. मी राजीनाम्याचं पण बोलली कंपनीत."

"फोन लाव त्यांना," बाई म्हणाल्या.

तिनं लावून दिला. बाई पॅसेजच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, बाईंचंच येत होतं. "मी आठल्ये, तिची शिक्षिका... नाही, तिनं काही केलेलं नाही... नाही हो, चूक माझी... अहो, तुम्ही कशाला माफी मागता? मी मागतेय... नाही, तुमचे संस्कार उत्तम आहेत... नाही, तिला रागावू नका... अहो, तुम्ही माफी मागू नका ना!" तो माणूस बहुतेक शेवटपर्यंत मुलीच्या वतीनं क्षमाच मागत राहिला. बाईंनी फोन परत दिला. एवढंच म्हणाल्या, "शिकू देतो म्हणाले."

त्यानंतर बाई बदलल्या. वर्गात एका मुलानं छान उत्तर दिलं, खडू थांबला, मुलं टाळ्या वाजवायच्या तयारीत बसली, आणि बाई म्हणाल्या, "छान. बस." वर्ग हिरमुसला. कोणीतरी मला येऊन विचारलं, बाईंची तब्येत बरी नाही का? बाकांवर लिहिलेलंही त्या आता मुकाट्यानं पुसू लागल्या. मला "पोर्टल" म्हणायचं मात्र सोडलं नाही, मीच सोडू नका म्हटलं होतं. चूक कबूल करून वर येरवड्यापर्यंत जाणाऱ्या प्राध्यापक मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत, आणि हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी जाऊन आले म्हणून तिचं दुखायचं थांबलं, असं तुम्हाला वाटतं का?"

वर्षाचा शेवटचा गृहपाठ राहिला होता. बाईंनी विषय मुद्दाम तिच्यासाठी म्हणून निवडला, मला कबूलही केलं. बाजारपेठ आणि आपण. "आता बघा काय लिहिते ती." मुदत संपायला आठवडा होता तेव्हापासून रोज लॅबच्या दारात, "आलं का?" लग्न ठरलेल्या मुलीच्या आईसारखी त्यांची अवस्था झाली होती. त्या महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. पण सत्काराचं नाव काढलं तरी म्हणायच्या, "ते होऊ द्या हो. आलं का?"

एका दुपारी आलं. मी निरोप पाठवला, तर बाई तास संपवून तशाच, हाताला खडू लागलेला, धावत आल्या. खुर्ची ओढून बसल्या. मी पान उघडून दिलं आणि माझ्या कामाला लागले.

अरे देवा नाही, ऐका पोर्टल नाही. मी वळून पाहिलं.

उत्तर मोठं होतं, नीटनेटकं होतं, एक शब्द चुकलेला नव्हता. त्यात पेठेतलं भांड्यांचं दुकान होतं. श्रावणातली केळी होती. मी नोट्स चढवताना माझ्या हातून एक वाक्य दोनदा पडलं होतं, ते उत्तरातही दोनदा होतं. खुलासा कुठेच नव्हता, सह्या नव्हत्या. लागणारच नव्हत्या.

"हे सगळं माझं आहे हो," बाई हळूच म्हणाल्या.

नजर चुकवून मी खिडकी लावायला उठले. बाईंनी चष्मा सारखा केला, पान पुन्हा वर नेलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून सावकाश खाली येऊ लागल्या. शेवटाला पोचल्या, पुन्हा वर गेल्या. शिपाई लॅब बंद करायला आला, त्याला मी हातानंच थांबवलं. बाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन अजून शोधत होत्या, कुठेतरी एखादं वाक्य तिचं सापडतंय का.